सार्डिनियातली गावची संग्रहालयं: किती बघायची आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये आठ दिवस सार्डिनियाला जायचंय, सोबत सत्तरीतले आई-वडील आहेत. समुद्रकिनाऱ्यात कुणालाच फारसा रस नाही. गावाकडची लोककला, चालीरीती दाखवणारी संग्रहालयं बघायची आहेत आणि शोधाशोध केल्यावर वीसेक नावांची यादी तयार झाली आहे. यातली कोणती घ्यावीत, गाडी चालवावी का, आणि इटालियन येत नसताना काही कळेल का?

वीसातली पाच घ्या. फार तर सहा. बाकीची नावं बिनधास्त खोडा.

संग्रहालयांत लोकजीवनाच्या वस्तूंची नोंद आणि देखभाल करणं हे माझं काम आहे, त्यामुळे ही संग्रहालयं मी कामाच्या नजरेने बघत आले आहे. सार्डिनिया हे सिसिलीखालोखाल भूमध्य समुद्रातलं सर्वांत मोठं बेट, सुमारे २४ हजार चौरस किलोमीटरचं. एवढ्या बेटावर ३७७ स्वतंत्र नगरपालिका आहेत आणि गाव हजार-दोन हजार वस्तीचं असलं तरी संग्रहालय असावं अशी तिथे हौस आहे. पण जुनं दगडी घर, त्यात नांगर, हातमाग, कणीक मळायची काथवट, चीज करायची तांब्याची कढई, कोपऱ्यात पुतळ्याला घातलेला पोशाख, हे बऱ्याच ठिकाणी तेच ते असतं. तिसऱ्या घरापासून आई-वडील बाहेरच्या बाकावर बसून राहतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

मग निवड कशी करायची? मी एकच गोष्ट बघते: काचेमागे ठेवलेली वस्तू त्या गावात आजही कुणी करतं, घालतं, वाजवतं का? करत असेल तर संग्रहालय लहान असलं तरी जायचं. आणि जायचं म्हणजे तासाभरात तिकीट फाडून निघायचं नाही, अर्धा दिवस त्या गावातच काढायचा. बेटाच्या मधल्या डोंगराळ भागात, बार्बाज्यात, अशी गावं एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत. म्हणून मुक्काम किनाऱ्यावर न करता नुओरोत करा. ओल्बियाच्या विमानतळापासून हे शहर साधारण १०० किलोमीटर, रस्ता चांगला आहे.

सुरुवातही नुओरोतल्याच पोशाख-संग्रहालयापासून करा. ‘म्युझेओ देल कोस्तुमे’ म्हणून पाटी दिसेल, सांत’ओनोफ्रियो टेकडीवर. १९७६ साली ते लोकांसाठी उघडलं. इमारत आंतोनियो सिमोन मोस्सा या वास्तुरचनाकाराची. अंगणं, बाहेरून चढणारे जिने, कमानी, पांढऱ्या भिंती असं सगळं त्याने बेटाच्या निरनिराळ्या भागांतून उचलून एकत्र बांधलं. आत फिरताना गावातून चाललोय असं वाटतं, पण असं गाव सार्डिनियात कुठेच नाही. काहींना हे नाटकी वाटतं. मला ते आवडतं, कारण खोट्या जुनेपणाचा आव त्यात नाही. पायऱ्या मात्र आहेत. वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील तर तिकीट काढतानाच सोयीची वाट विचारून घ्या.

आत शिरल्यावर दालनं फार अंधारी वाटतील. वीज वाचवत नाहीत ते. कापडासाठी ५० लक्सच्या वर उजेड ठेवायचा नाही असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे, कारण नैसर्गिक रंग उजेडाने उडतात आणि एकदा उडाले की परत येत नाहीत. दोन-चार मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. मग पोशाख बघा. इथे गावागणिक पोशाख वेगळा होता, आणि त्यावरून बाई कुठली, कुमारी की लग्न झालेली की विधवा, हे लांबून कळायचं. देसुलोचा पोशाख लालभडक, कडांना पिवळी-निळी नक्षी. ओलिएनाची काळी शाल रेशमाने भरलेली, तिला लांब झालर. ओर्गोसोलोच्या बायकांच्या डोक्याला केशराच्या रंगाचं रेशमी वस्त्र. ही तीन शोधून काढा आणि त्यांच्यापुढे थांबा. सगळेच बघायला गेलात तर संध्याकाळी एकही आठवणार नाही.

एका घागऱ्यापुढे मात्र जरा वाकून उभे राहा. चुणीच्या आतला रंग आणि बाहेरचा रंग ताडून बघा. आतला गडद, बाहेरचा विटलेला असेल तर तो पोशाख कुणीतरी उन्हातान्हात पुष्कळ वापरलाय. दोन्ही सारखेच असतील तर बहुधा पेटीतच राहिलेला, सणासुदीचा. कमरेजवळ आणि बाहीच्या टोकाशी रफू दिसतं का तेही बघा. लोककलेच्या वस्तूंवर करणाऱ्याचं नाव नसतं, पाटीवर ‘विसाव्या शतकाचा पूर्वार्ध’ एवढंच मोघम लिहिलेलं असतं. खरी माहिती या झिजेत आणि डागडुजीत असते. माझ्या क्षेत्रातले लोक काचेला नाक लावून बघतात ते याचसाठी.

दागिन्यांच्या कपाटात सोन्या-चांदीच्या तारकामाची गोल बटणं भरपूर आहेत, सगळे त्यांचे फोटो काढतात. त्यांच्या शेजारी चांदीत बसवलेला काळा गुळगुळीत मणी असेल, तो चुकवू नका. दृष्ट लागू नये म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायचे. तुमच्या आईला याचा अर्थ पाटी न वाचता कळेल.

आणि पाव. हो, पाव हीसुद्धा इथे कलावस्तू आहे. लग्नाचा, ईस्टरचा, संतांच्या सणाचा, प्रत्येकाचा आकार वेगळा. घट्ट मळलेल्या रव्याच्या कणकेवर छोट्या कात्रीने आणि सुरीने फुलं, पक्षी, पानं कातरलेली. ईस्टरच्या पावात अख्खं अंडं बसवतात. जतन करणाऱ्यांच्या दृष्टीने पावाइतका त्रासदायक ऐवज नाही. किडे त्याला धान्यच समजतात, दमट हवेत बुरशी, कोरड्या हवेत तडे. त्यामुळे काचेमागचा अख्खा पाव दिसला की त्यामागची मेहनतही जमेस धरा. याच विषयाचं वेगळं संग्रहालय बोरोरे गावात आहे. नुओरोत हे बघितल्यावर तिकडे मुद्दाम जायची गरज नाही. त्यापेक्षा सकाळी बेकरीत जाऊन ‘काराझाऊ’ घ्या: भट्टीत टम्म फुगलेली भाकरी कडेने चिरून दोन पापुद्रे करतात आणि ते पुन्हा भाजतात. मेंढपाळ कित्येक दिवस रानात राहायचे, म्हणून न बिघडणारी भाकर. प्रवासात तुम्हालाही उपयोगी पडेल.

नुओरोच्याच जुन्या सांतु प्रेदू वस्तीत लेखिका ग्रात्सिया देलेद्दा हिचं जन्मघर आहे. तिला १९२६ चं साहित्याचं नोबेल मिळालं. साहित्यात रस नसला तरी तिथलं स्वयंपाकघर आणि कोठीची खोली बघून या. शहरगावातलं खातंपितं घर कसं चालायचं ते तिथे नीट समजतं. तासभर पुरे.

आता मामोयादा. तुमच्या यादीतून एकच नाव ठेवायचं असतं तर मी हे ठेवलं असतं. नुओरोपासून गाडीने वीसेक मिनिटं. ‘भूमध्यसागरी मुखवट्यांचं संग्रहालय’ २००१ मध्ये सुरू झालं, जागा छोटीच आहे. विषय मुख्यतः एकच: मामुथोनेस आणि इसोहादोरेस. मामुथोनेस म्हणजे काळा लाकडी मुखवटा, अंगावर काळ्या लोकरीचं मेंढीचं कातडं आणि पाठीवर गुरांच्या घंटांचा भारा, सुमारे ३० किलोचा. इसोहादोरेस लाल डगल्यात, पांढऱ्या विजारीत, हातात दोरीचा फास. मामुथोनेस बारा, दोन रांगांत. इसोहादोरेस आठ, त्यांच्या आजूबाजूने मोकळे. बारा जण एका वेळी खांदा झटकतात आणि सगळ्या घंटा एकदम वाजतात. मग शांतता, मग पुन्हा. कुणी गात नाही, बोलत नाही. फासवाले मध्येच गर्दीतल्या एखाद्याला फासात ओढतात. कोकणातल्या शिमग्यात काळ्या वेशातला, कमरेला घुंगरं बांधलेला संकासुर ज्यांनी पाहिलाय त्यांना इथे ओळखीचं काहीतरी सापडेल. मात्र संकासुर हसवतो, हे हसवत नाहीत.

संग्रहालयात मुखवटा समोरून बघून झाला की मार्गदर्शकाला पाठीवरची बांधणी दाखवायला सांगा. मोठ्या घंटा पाठीवर, लहान पुढच्या बाजूला, सगळ्या चामड्याच्या पट्ट्यांत ओवलेल्या. हे ओझं स्वतःचं स्वतःला चढवता येत नाही. दुसरे दोघे-तिघे पट्ट्या करकचून आवळतात. सैल राहिलं तर घंटा एका ठेक्यात वाजणार नाहीत आणि खांदे सोलवटतील. फार आवळलं तर श्वास कोंडतो. तोंडावर लाकूड, अंगावर कातडं, आणि त्यात तासन् तास चालायचं. पट्ट्यांच्या आतल्या बाजूला घामाने चामडं काळं पडलेलं दिसतं. मुखवट्याच्या आतली बाजू बघायला मिळाली तर तीही बघा, बाहेरून कोरीव आणि आतून माणसाच्या चेहऱ्याने घासून गुळगुळीत झालेली.

एक सावधगिरी. ही प्रथा दोन-तीन हजार वर्षं जुनी आहे, डायोनिसस या ग्रीक देवाच्या पूजेतून आली आहे, असं तुम्हाला ठासून सांगणारे भेटतील. दुसरे सांगतील की समुद्रावरून आलेल्या हल्लेखोरांना पकडल्याची ती आठवण. तिसरे म्हणतील, माणूस आणि गुरं यांचंच हे सोंग. जुना लेखी पुरावा यांपैकी कशालाच नाही. ऐकून घ्या, मान डोलवा, तारखा वहीत उतरवू नका. संग्रहालयाच्या पुढच्या भागात ओत्ताना गावचे बैल-मुखवटे आणि फिलोंझाना आहे: काळ्या कपड्यातली म्हातारी, हातात लोकरीची चाती आणि कात्री. तिच्या हातातला धागा म्हणजे तुमचं आयुष्य, आणि ती तो केव्हाही कापेल अशी धमकी देत फिरते. भूमध्य समुद्राच्या इतर किनाऱ्यांवरचे मुखवटेही मांडलेत, ते भरभर बघितलेत तरी चालेल.

जूनमध्ये हे मुखवटे रस्त्यावर दिसणार नाहीत, हे मनाशी धरून जा. ते बाहेर पडतात १७ जानेवारीला, संत आंतोनियोच्या सणाला, गावभर होळ्या पेटलेल्या असताना. त्यानंतर कार्निव्हलच्या रविवारी आणि मंगळवारी. तारीख हलवणं शक्य असेल तर हलवाच असं मी म्हणेन, पण आई-वडिलांना घेऊन जानेवारीतल्या डोंगरी थंडीत रात्री उभं राहणं जमेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मधला मार्ग म्हणजे शरद ऋतू. सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवार-रविवारी बार्बाज्यातलं एखादं तरी गाव आपली जुनी अंगणं उघडतं, लोक तिथे बसून विणतात, पाव भाजतात, चीज करतात. गर्दी होते, पण हात चालताना बघायला मिळतात. जूनमध्येच जायचं असेल तर मामोयादातली मुखवटे कोरणाऱ्यांची दुकानं तुमच्यासाठी. रानटी नासपतीचं, अंजिराचं लाकूड तासून मग काळं करतात. काम करताना बघू देतात का ते विचारायला काहीच हरकत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ओर्गोसोलो. तिथे संग्रहालय म्हणजे गावच: घरांच्या भिंती चित्रांनी भरल्यात. पहिलं चित्र १९६९ मध्ये मिलानहून आलेल्या एका नाट्यगटाने काढलं. त्याच वर्षी लष्कराने गावच्या प्रातोबेल्लो कुरणावर गोळीबाराच्या सरावाचं ठरवलं होतं आणि गावकरी, बायकापोरांसकट, कुरणात जाऊन बसले होते. पुढे १९७५ पासून गावच्या शाळेतले चित्रकला शिक्षक फ्रांचेस्को देल कासिनो यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भिंती रंगवायला घेतल्या. चित्रं राजकीय आहेत आणि बरीचशी पिकासोच्या वळणाची. याला लोककला म्हणायचं का, यावर माझ्या ओळखीचे लोक भांडतात. मला तो वाद निरर्थक वाटतो, मेंढपाळांनी स्वतःच्या कुरणाबद्दल भिंतीवर लिहिलं तर ते त्यांचंच. नुओरोत पाहिलेलं ते केशरी रेशमी वस्त्र याच गावचं. रेशमाचे किडे पाळण्यापासून धागा केशरात रंगवण्यापर्यंतचं काम इथल्या बायकांनी गावातच टिकवलंय.

बित्तीला जायचं असेल तर कान घेऊन जा. ‘कांतु आ तेनोरे’ या चौघांच्या गायनाचं संग्रहालय तिथे आहे. युनेस्कोने २००५ मध्ये या गायनाची दखल घेतली आणि २००८ मध्ये ते अमूर्त वारशाच्या यादीत आलं. चार पुरुष एकमेकांकडे तोंड करून जवळजवळ उभे राहतात. एक कवितेची ओळ म्हणतो, बाकीचे तिघे अर्थ नसलेल्या अक्षरांचा भरणा देतात, त्यातले दोन आवाज घशातून खर्जात घुमणारे. या दोन घुमणाऱ्या आवाजांतला बास म्हणजे गाय, कोंत्रा म्हणजे मेंढी, मधला आवाज म्हणजे वारा, असं तिथले लोक सांगतात. आधी मोबाइलवर दोन-तीन ध्वनिमुद्रणं ऐकून जा, नाहीतर पहिल्यांदा सगळा एकच गलका वाटेल. वडिलांना शास्त्रीय संगीताची आवड असेल तर बित्ती ठेवा. नसेल तर गाळा.

नुओरोतले चार दिवस झाले की पूर्वेकडे ओलियास्त्रात उतरा आणि दोन रात्री तिकडे काढा, कारण उलास्साईला घाईने जाण्यात अर्थ नाही. हे गाव उंच कड्याच्या पायथ्याशी आहे आणि गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात २००६ पासून मारिया लाई या कलावतीचं संग्रहालय आहे, ‘स्तात्सिओने देल्ल’आर्ते’. १९१९ मध्ये याच गावात तिचा जन्म झाला, २०१३ मध्ये ती गेली. ती व्हेनिसमध्ये शिल्पकला शिकली, पण पुढे तिचं काम वळलं ते गावातल्या बायकांच्या हातातल्या गोष्टींकडे: माग, शिवण, पाव. तिने शिवलेली पुस्तकं तिथे आहेत. पानांवर अक्षरांच्या जागी काळ्या धाग्याच्या ओळी, टोकाशी धागे लोंबकळत सोडलेले. वाचता येत नाहीत, तरी आपण डावीकडून उजवीकडे डोळे फिरवतोच.

नगरपालिकेने तिला युद्धात पडलेल्यांचं स्मारक करायला सांगितलं. तिने नकार दिला, जिवंत माणसांसाठी काहीतरी करते म्हणाली. गावात एक जुनी गोष्ट होती: वादळात गुहेत आडोशाला थांबलेली मुलगी निळी फीत उडताना बघून तिच्यामागे बाहेर धावते आणि गुहा कोसळते. ८ सप्टेंबर १९८१ रोजी सबंध गावाने सुमारे २७ किलोमीटर निळी फीत दारोदार, खिडकी ते खिडकी बांधली आणि शेवटी गिर्यारोहकांनी तिचं टोक कड्यावर नेलं. त्याआधी मोठी वाटाघाट झाली, कारण शेजाऱ्यांची जुनी भांडणं होती. तोडगा असा निघाला: ज्या दोन घरांत वैर आहे तिथे फीत नुसती सरळ जाईल, मैत्री असेल तिथे गाठ मारायची, प्रेम असेल तिथे गाठीला सणाचा पाव लटकवायचा. त्या दिवसाचे फोटो आणि चित्रफीत न चुकता बघा. मग गावातल्या जुन्या धुण्याच्या जागेत जा, तिथे छताला तिने दोरांचा माग टांगलाय. विणकर बायकांची सहकारी संस्थाही गावात आहे, तिच्या चित्रांवरून पडदे आणि सतरंज्या विणणारी.

कापडातच खरा जीव असेल तर वाकडी वाट करून सामुगेओचं वस्त्रसंग्रहालय गाठा, पण ते नुओरोत असतानाच, उलास्साईहून ते दूर पडतं. ‘पिबियोनेस’ ही वीण तिथे समजावून घ्या: आडवा धागा सळईभोवती गुंडाळत नेऊन कापडावर दाणे उठवतात, बोट फिरवलं की नक्षी हाताला लागते. मृतदेह ठेवण्यासाठी विणलेले दुर्मीळ गालिचेही तिथे आहेत. ओरानीतलं कोस्तांतिनो निवोला या शिल्पकाराचं संग्रहालय सुंदर आहे, पण तुमच्या विषयापासून थोडं बाजूला. सांतु लुस्सुर्जू आणि अज्जुस या गावांतली संग्रहालयंही चांगली, तुमच्या वाटेवर मात्र नाहीत. राहू द्या.

गाडीबद्दल: घ्याच. एआरएसटीच्या बस गावोगाव जातात, पण त्यांच्या वेळा शाळकरी मुलांच्या आणि कामावर जाणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत, रविवारी तर जवळपास नसतातच. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढून घ्या. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर आरक्षण करा. रस्ते वळणावळणाचे आहेत, ५० किलोमीटरला सव्वा तास धरा. आईला गाडी लागत असेल तर दिवसाला एकच गाव ठेवा. जुन्या शहरभागांत ठरावीक रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येते. गाडी बाहेर लावून चालत जा.

वेळांचं गणित सोपं आहे: सोमवारी बहुतेक ठिकाणी कुलूप, आणि दुपारी एकपासून तीन-चारपर्यंतही. लहान गावात दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका, दारावर फोन नंबर असतो, नसेल तर समोरच्या कॉफीच्या टपरीत विचारा, किल्ली कुणाकडे आहे हे तिथे ठाऊक असतं. तिकीट काही युरोंचंच असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं फुकट असं वाचलं असेल, पण ती योजना सरकारी राष्ट्रीय संग्रहालयांची, गावच्या संग्रहालयांना तो नियम लागू नाही.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. लहान संग्रहालयांत मार्गदर्शक सोबत फिरतो आणि तो बहुधा त्याच गावचा असतो. दोन दिवस आधी इटालियनमध्ये भाषांतर केलेला छोटा ईमेल पाठवून इंग्रजी बोलणारं कुणी आहे का विचारा. एक प्रश्न मात्र पाठ करून जा: ‘की लो आ फात्तो?’, म्हणजे हे कुणी केलं? पाटीवर नसलेलं उत्तर हमखास मिळतं, कधी मार्गदर्शकाच्या आजीचं नाव निघतं. फोटोला परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा.

घरी कुणी कडक शाकाहारी असेल तर तिथल्या पेकोरिनो चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडण्यासाठी घालायचा जठरातला अर्क) असतं हे लक्षात घ्या. ओलियास्त्रातले बटाटा-पुदिन्याचे कुलुर्जोनेस, गव्हाच्या ओंबीसारखी दुमड घातलेले, सांभाळून विचारून घ्या, काही ठिकाणी सारणात चीजसोबत चरबीही घालतात.

आणि आखणी करताना २ जून टाळा किंवा प्रवासासाठी ठेवा. त्या दिवशी इटलीत प्रजासत्ताक दिनाची सुट्टी असते, बस रविवारच्या वेळापत्रकाने धावतात आणि संग्रहालय उघडं आहे की नाही हे आदल्या दिवशी फोन करूनच कळतं.